बालआरोग्याची कसोटी झरीत

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत झरी हे मोठे गाव लागते. काळी कसदार जमीन, कापूस, सोयाबीन आणि तुरीचे शिवार, शाळा, अंगणवाड्या आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मराठवाड्यात अशी गावे शेकड्यांनी आहेत. अशाच एखाद्या गावातील आरोग्य केंद्रात मध्यरात्री एक भगिनी प्रसूत होते. बाळ जन्माला येते. पण रडत नाही. अंग निळसर, हातपाय सैल. आजी दारात उभी असते, वडील ओसरीवर येरझाऱ्या घालत असतात. जिल्ह्याच्या गावी निष्णात बालरोगतज्ज्ञ आहेत, मोठी रुग्णालये आहेत, २०२३ साली परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. परंतु ते सारे त्या क्षणी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असते. बाळाजवळ असते ती केवळ एक परिचारिका आणि तिच्या हाती असते अवघे एक मिनिट.

त्या एका मिनिटात काय करावे, हे त्या परिचारिकेला कोणी शिकविले आहे काय? आपल्या देशातील बालआरोग्याचा खरा प्रश्न हा आहे. बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना किती मोठी, तिची अधिवेशने किती भव्य, तिच्या मार्गदर्शिका किती जाड, हे प्रश्न त्यानंतरचे. शास्त्रीय संघटनेचे मोल राजधानीत ठरत नाही. ते झरीसारख्या गावात ठरते. या कसोटीवर आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना किती उतरली आणि कोठे उणी पडली, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

दोन प्रवाहांचा संगम

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बालरोगशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून आपल्याकडे नुकतीच उभी राहत होती. 'मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस' ही समजूत वैद्यकातही रूढ होती. मुंबईचे वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून काम करीत होते, पण अशा संस्था बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे कोलकाता आणि मुंबई अशा दोन ठिकाणी बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना स्थापन झाल्या. एका देशात एकाच कार्यासाठी दोन संघटना असणे म्हणजे शक्तीची विभागणी. हे ओळखून दोन्ही संघटना १९६३ साली विसर्जित होऊन एकरूप झाल्या आणि 'इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स' जन्माला आली. १९६४ पासून तिचे स्वतःचे शास्त्रीय नियतकालिक निघू लागले. आज चाळीस हजारांहून अधिक बालरोगतज्ज्ञ तिचे सदस्य आहेत. नवी मुंबई येथे तिचे मुख्यालय. पुण्याचे डॉ. प्रमोद जोग (२०१६), डॉ. उपेंद्र किंजवडेकर (२०२३) आणि नागपूरचे डॉ. वसंत खळतकर (२०२५) या मराठी डॉक्टरांनी अलीकडच्या काळात तिचे अध्यक्षपद भूषविले आहे.

पदाचा आणि संस्थेचा अहंकार बाजूला ठेवून दोन संघटनांनी एक होणे आपल्या सार्वजनिक जीवनात वारंवार घडत नाही. संस्था फुटण्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ, जुळण्याच्या थोड्या. म्हणून या प्रारंभाची नोंद आवर्जून घेतली पाहिजे.

अंगणवाडीच्या तक्त्यावरील श्रेणी

या संघटनेचे नाव झरीतील किती जणांनी ऐकले असेल? फारच थोड्यांनी. पण तिचे काम मात्र गावोगावच्या अंगणवाड्यांच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेले होते. 'अमक्याचे पोर तिसऱ्या श्रेणीत गेले' हे वाक्य ज्यांनी ग्रामीण भागात काम केले आहे, त्या कार्यकर्त्यांच्या कानांवर अनेकदा पडले असेल. ही श्रेणी याच अकादमीने १९७२ साली ठरविली. वयानुसार अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असेल तर बालक सर्वसाधारण. ७१ ते ८० टक्के ही पहिली श्रेणी, ६१ ते ७० दुसरी, ५१ ते ६० तिसरी आणि त्याहून खाली चौथी. हिशेब इतका साधा की सातवी शिकलेल्या अंगणवाडीताईलाही तो करता यावा. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिला तराजूबरोबर हे मापही मिळाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नवी वाढमानके प्रसिद्ध केली, ती आपण स्वीकारली आणि श्रेणींचे जुने कोष्टक मागे पडले. आता दंडाचा घेर मोजणारी पट्टी हाती आली आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजावे, असा संकेत आहे. माप बदलले, पण तज्ज्ञाचे ज्ञान अंगणवाडीताईच्या हातात देता येते, हा धडा त्या श्रेणींनीच घालून दिला.

तरीही समाधान मानून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि ३६.१ टक्के बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी होते. देशात प्रगत म्हणविणाऱ्या राज्यात दर तीन बालकांमागे एक खुजे राहते, ही वस्तुस्थिती कोणाही राष्ट्रप्रेमी माणसाला अस्वस्थ करणारी आहे. मोजमाप पोहोचले, अन्न आणि जाण तितकी पोहोचली नाही.

सुवर्ण मिनिट

आता त्या मध्यरात्रीच्या परिचारिकेकडे परत येऊ. जन्मणाऱ्या दर शंभर बालकांपैकी सुमारे दहांना पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना ती मदत अगदी साधी असते. कोरड्या, उबदार कापडाने अंग पुसणे, मान योग्य स्थितीत ठेवणे, गरज पडल्यास तोंड-नाक साफ करणे, पाठीवर हळुवार चोळणे. एवढ्याने श्वास सुरू झाला नाही, तर छोट्या पिशवी-मास्कने पहिल्याच मिनिटात हवा देणे. यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित हात लागतात. बाळाला उलटे धरून फटके मारणे किंवा अंगावर गार पाणी शिंपडणे या जुन्या रीतींनी बाळ वाचत नाही. उलट, मोलाचा वेळ वाया जातो.

या पहिल्या मिनिटाला 'सुवर्ण मिनिट' असे नाव आहे आणि ते गावोगावी शिकविण्यासाठी अकादमीने प्रशिक्षकांची फळी उभी केली. नवजात शिशूंच्या तज्ज्ञांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९८० पासून याच कामात आहे. २००९ साली केंद्र सरकारने 'नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम' हाती घेतला, तेव्हा शासनाची यंत्रणा आणि तज्ज्ञांचे ज्ञान एका दिशेने चालू लागले. शहरातील बालरोगतज्ज्ञ रविवारी रबरी बाहुली घेऊन परिचारिकांना शिकवीत बसतो, हे दृश्य वृत्तपत्रात छापून येत नाही. पण अशा दोन दिवसांच्या वर्गातून उठलेली परिचारिका पुढे कित्येक वर्षे, कित्येक रात्री बाळांना श्वास देत राहते. १९७१ साली आपल्या देशात हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०२३ साली ही संख्या २५ वर आली. महाराष्ट्रात २०२० साली ती १६ होती. या घसरणीत रस्ते, पाणी, मुलींचे शिक्षण, लस आणि आशाताई अशा अनेकांचा वाटा आहे. त्यात या प्रशिक्षित हातांचाही आहे. उरलेल्या मृत्यूंपैकी बहुसंख्य पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले आहेत. म्हणूनच झरीतील ते एक मिनिट इतके मोलाचे.

दोन पत्रिका

आता थोडे परखड बोलले पाहिजे. लसीकरणाच्या दोन पत्रिका आपल्या देशात चालतात. एक शासनाची, मोफत. दुसरी अकादमीची, खासगी दवाखान्यात पाळली जाणारी, अधिक लसी असलेली. परभणीच्या मध्यमवर्गीय घरातील बाळाला रोटा विषाणूची आणि न्यूमोकोकसची लस विकत मिळत होती, तेव्हा झरीतील शेतमजुराच्या बाळाला ती ठाऊकही नव्हती. जुलाब आणि न्यूमोनियाने अधिक मरत होते ते मात्र दुसरे बाळ. संघटनेने शास्त्रीय दृष्टीने योग्य तेच सांगितले होते, हे खरे. पण योग्य सल्ला ज्याला परवडतो त्याच्यापर्यंतच थांबला, तर तो समाजाचा सल्ला ठरत नाही.

सुदैवाने हे अंतर हळूहळू कमी झाले, आणि ते कमी करण्यात स्वदेशी संशोधनाचा वाटा मोठा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात नवजात बालकांमध्ये रोटा विषाणूचा एक प्रकार आढळला. तो शरीरात असूनही ही बालके आजारी पडत नव्हती. बालरोगतज्ज्ञ डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने त्यापासून लस सिद्ध केली आणि हैदराबादच्या भारतीय कंपनीने ती तयार केली. २०१६ साली चार राज्यांत ती शासकीय कार्यक्रमात आली. महाराष्ट्रात रोटा लस २०१९ साली पोहोचली. न्यूमोकोकसच्या लसीचेही तसेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० साली स्वदेशी लस आणली आणि २०२१ पासून ही लस देशभरातील आरोग्य केंद्रांत मोफत मिळू लागली. आज झरीच्या आरोग्य केंद्रात दीड महिन्याच्या बाळाला मिळणाऱ्या लसी पाहिल्या, तर दोन पत्रिकांमधील दरी पूर्वीपेक्षा बरीच अरुंद झाली आहे. लस देशात तयार झाली की ती गावात पोहोचते, हा स्वावलंबनाचा अर्थ भाषणातल्यापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसतो.

पोलिओचे उदाहरण तर सर्वांना स्मरत असेल. १९९५ पासून देशभर 'दो बूंद'ची मोहीम चालली. लुळेपणा आलेल्या प्रत्येक बालकाची खबर शासनाला देण्याचे काम खासगी बालरोगतज्ज्ञांनीही अंगावर घेतले. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. खासगी डॉक्टर आणि सरकारी यंत्रणा एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले असते, तर हे घडले नसते.

जलसंजीवनी आणि तिची नक्कल

संघटनेची खरी परीक्षा बाजारासमोर होते. आईच्या दुधाला पर्याय म्हणून डब्यातील पावडर विकणाऱ्या कंपन्यांनी एके काळी डॉक्टरांच्या परिषदांवर मुक्तहस्ते खर्च केला. अशा कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही, असा निर्णय अकादमीने नव्वदच्या दशकात घेतला. १९९२ चा शिशु दुग्धपर्याय कायदा २००३ साली अधिक कडक झाला आणि डॉक्टरांच्या चर्चासत्रांना अशा कंपन्यांनी पैसा पुरविणे बेकायदा ठरले. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली, ती याच विचारातून. ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळाला दुसऱ्या मातेचे दूध मिळावे. आपल्या परंपरेत दूधआईचे स्थान केवढे मोठे! आधुनिक शास्त्राने तिला नव्याने प्रतिष्ठा दिली.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाल्याने बालक दगावते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या मापशीर द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. तीच आपली जलसंजीवनी. एका लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट, हे तिचे आजचे प्रमाण. पण तिच्या नावाचा आधार घेऊन साखरेची गोड पेये आकर्षक खोक्यांतून औषधांच्या दुकानांत विकली जाऊ लागली. जास्त साखरेने जुलाब थांबत नाहीत, वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे एकाकी लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. हा विजय जितका अभिमानाचा, तितकाच एक प्रश्न विचारणारा आहे. एका डॉक्टर भगिनीला आठ वर्षे का लागावीत? चाळीस हजारांचा आवाज पहिल्याच वर्षी एकमुखाने उठला असता, तर किती मुलांच्या पोटात ते गोड पाणी गेले नसते!

एकट्या डॉक्टराच्या पाठीशी

त्याच ऑक्टोबर महिन्यात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून मन सुन्न करणारी बातमी आली. खोकल्याच्या औषधात विषारी द्रव्य मिसळलेले निघाले आणि वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. औषधाच्या शुद्धतेची जबाबदारी उत्पादकाची आणि तपासणी यंत्रणेची, हे वैद्यक संघटनांचे म्हणणे योग्यच होते. पण दुसरी बाजूही आहे. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, अशी सूचना केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा पुन्हा दिली. शास्त्र हेच सांगते. तरी बाटली लिहून दिली जाते, कारण बाटलीशिवाय दवाखान्यातून परतलेल्या आई-वडिलांना आपण रिकाम्या हातांनी आलो असे वाटते.

येथेच तालुक्याच्या किंवा गावच्या डॉक्टरचे एकटेपण ध्यानात घेतले पाहिजे. शेजारी चर्चा करायला दुसरा तज्ज्ञ नाही, नवे संशोधन वाचायला सवड नाही, औषध कंपनीचा प्रतिनिधी मात्र दर आठवड्याला हजर. बालक दगावले तर नातेवाइकांचा जमाव दवाखान्यात शिरतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला, पण कायद्याने विश्वास निर्माण होत नाही. अशा एकट्या डॉक्टरला 'या वयात हे औषध नको' असे निर्भयपणे सांगता यावे, त्यामागे लेखी मार्गदर्शिका असावी, अडचणीच्या रुग्णासाठी जिल्ह्याच्या तज्ज्ञाला रात्रीसुद्धा दूरध्वनी करता यावा आणि संकटात आपली संघटना पाठीशी आहे याची खात्री असावी. संघटना सदस्याला आधार देते म्हणजे हेच देते. जो डॉक्टर एकटा नाही, तोच बाजाराला आणि जमावाला 'नाही' म्हणू शकतो. आणि त्याच्या या 'नाही'मध्ये बालकाचे हित असते.

उसाच्या फडातील बालके

या सर्व व्यवस्थेच्या पलीकडे राहते ते एक बालक. दसरा झाला की परभणी, बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. सोबत तान्हे मूल. थंडीत पाचटाच्या कोपीत ते झोपते, फडाच्या बांधावर ते दिवस काढते. दीड महिन्याची लस झरीत झाली, तर अडीच महिन्यांची कोणाकडे? साडेतीन महिन्यांची कोठे? वैशाखात कुटुंब परतते तेव्हा लसींचे वेळापत्रक विस्कटलेले असते आणि बाळाचे वजन उतरलेले. ऑक्टोबर २०२४ पासून देशभर 'यू-विन' या संगणकीय प्रणालीत बाळाच्या लसीची नोंद ठेवता येते आणि पुढची लस कोणत्याही गावी घेता येते. साधन तयार आहे. पण साखर कारखान्याच्या गावातील आरोग्य सेविकेला कोपीत तान्हे मूल आल्याचे कोणी कळवायचे?

येथे संघटनेला एक विनंती करावीशी वाटते. अकादमीच्या जिल्हा शाखा राज्यभर पसरल्या आहेत. साखर कारखानेही त्याच जिल्ह्यांत आहेत. प्रत्येक शाखेने गळीत हंगामात एका कारखान्याच्या तळावरील बालकांचे पालकत्व घेतले, महिन्यातून एक दिवस तेथे दिला, तर त्यासाठी नवी योजना लागणार नाही आणि मोठा निधीही नाही. वार्षिक अधिवेशनात त्या कामाचा अहवाल मांडला जावा. वातानुकूलित सभागृहातील शोधनिबंधाइतकाच तोही शास्त्रीय कार्याचा भाग आहे.

आपले काम

हे सर्व डॉक्टरांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकतो काय? कार्यकर्त्याने आणि घरोघरच्या माता-भगिनींनी करण्यासारखे पुष्कळ आहे. बाळ जन्मले की मध चाटवू नये, गुटीचा आग्रह धरू नये. पहिल्या तासात आईचे चिकाचे दूध द्यावे आणि सहा महिने दुसरे काही नको. आजीचा शब्द घरात मोठा असतो, म्हणून हे आधी आजीला पटवावे. जुलाबात जलसंजीवनी आणि चौदा दिवस झिंक. पाकीट घेताना त्यावरील प्रमाण वाचावे. डॉक्टरांनी बाटली दिली नाही, तर त्यांच्या ज्ञानावर विश्वास ठेवावा. आणि आपल्या वस्तीतून कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबाच्या गाठोड्यात बाळाचे लसीकरण कार्ड आहे ना, हे निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊन पाहावे. या कामाला पद लागत नाही, पावती लागत नाही.

संघटनेचे बळ तिच्या शेवटच्या घटकाच्या बळावर जोखावे, हे आपल्याला नवे नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गेल्या सहा दशकांत जे कमावले, त्याचा आदर करूनच तिच्याकडून अधिकाची अपेक्षा करायची आहे. मध्यरात्री झरीच्या आरोग्य केंद्रात जन्मलेले बाळ पहिल्या मिनिटात रडले, तर त्या रडण्यात एका परिचारिकेचे शिकलेले हात आहेत आणि तिला शिकविणाऱ्या कोणा अनामिक डॉक्टरचा रविवार आहे. ते बाळ पुढे चार महिन्यांनी फडावर असले, तरी त्याची लस चुकू नये, एवढे पाहणे डॉक्टरांचे आहे तितकेच आपलेही आहे.